जास्तीचं ऑईल

गाडीतून काही चोरीला गेलं असतं, तर तपासनीसांना एवढं लागलं नसतं. चोरी त्यांना कळत होती. दुसऱ्यांच्या कचेऱ्यांत जायचं, तिथे काय काय कमी आहे ते हुडकायचं आणि कमी करणाऱ्याच्या तोंडाला फेस आणायचा, यातच त्यांची सगळी नोकरी गेली होती. म्हणून तर इमारतीत त्यांचं खरं नाव कोणाच्या लक्षातही नव्हतं. पण त्या सकाळी त्यांनी गाडीचं बॉनेट उघडलं, ऑईल मोजायची पट्टी उपसून काढली, पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा काढली, आणि चष्मा कपाळावर ढकलून ते नुसते बघत राहिले. ऑईल वाढलं होतं. थोडंथोडकं नाही, पट्टीवरच्या वरच्या खुणेच्याही कितीतरी वर गेलं होतं. रात्रीतून कोणीतरी येऊन त्यांच्या गाडीत ऑईल ओतून गेलं होतं!

आता असं कोणी का करेल, हा प्रश्न तुमच्या-आमच्यासारख्याला पडला असता. तपासनीसांना पडला नाही. लोक काहीही करतात, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. त्यांच्यापुढे प्रश्न एवढाच होता, की कोणी केलं.

याची सुरुवात गॅरेजवाल्यापासून झाली. गाडी जुनी, म्हणजे आधी कोणाची तरी होती आणि तो माणूस ती विकताना हसला होता. ते हसणं तपासनीसांच्या मनातून काही जात नव्हतं. गॅरेजवाल्याने पट्टी काढून फडक्याला पुसली आणि म्हणाला, "साहेब, लेव्हल बरोबर आहे, पण ऑईल काळं पडलंय. बदलून टाका."

तपासनीसांनी फडकं पाहिलं. फडकं काळं होतं. पण ते आधीपासूनच काळं नव्हतं कशावरून? त्यांनी तसं विचारलं. गॅरेजवाल्याने दुसरं फडकं आणलं, तेही काळंच. गॅरेजमध्ये पांढरं फडकं कुठून असणार, असं तो म्हणाला, आणि इथे तपासनीसांची खात्री पटली की पाणी मुरतंय. "मी बघतो काय करायचं ते," असं गंभीरपणे सांगून त्यांनी गाडी बाहेर काढली.

घरी येऊन त्यांनी फोनवर व्हिडिओ पाहिले. एक मिशीवाला गृहस्थ गाडीखाली शिट्टी वाजवत जातो, एक बोल्ट फिरवतो, ऑईल खाली पडतं, बोल्ट लावतो, वरून नवं ऑईल ओततो आणि हात पुसतो. फिल्टरही बदला, असं तो शेवटी म्हणाला. पण फिल्टर हा प्रकार गॅरेजवाल्यांनी पोट भरायला काढलेला आहे, असं तपासनीसांचं मत होतं, त्यामुळे व्हिडिओ तेवढ्यापुरता त्यांनी अमान्य केला.

"तुम्ही गाडीखाली जाणार?" बायकोने विचारलं. "परवा पलंगाखालून चप्पल काढताना तुमची कंबर धरली होती."

"गाडीखाली जागा जास्त असते," तपासनीस म्हणाले.

हत्यारं मास्तरांकडे होती. मास्तर म्हणजे शेजारच्या दारातले, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे गाडी नव्हती, कधीच नव्हती. पण त्यांच्या मेव्हण्याने ठेवायला दिलेली पान्यांची एक पेटी होती. ती पेटी, एक विजेरी आणि स्वतः मास्तर असे तिघे खाली आले. त्यांच्यामागोमाग त्यांचा बोका आला आणि पुढच्या टायरचा वास घेऊन बसला.

गाडीची पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवून तपासनीस आत शिरले. मास्तरांनी विजेरी धरली, पण त्यांना वाकलं की चक्कर येई, त्यामुळे उजेड बहुतेक वेळ शेजारच्या स्कूटरवर पडत होता. खाली एक बोल्ट दिसला. त्याच्या पलीकडे तसाच आणखी एक असावासा वाटला. पण जो आधी दिसतो तोच खरा, असं मनाशी ठरवून तपासनीसांनी त्याला पाना लावला. आधी तो उलटा फिरवला. मग सुलटा. मग 'आई गं' म्हणून कपाळ आपटून घेतलं. शेवटी बोल्ट सुटला आणि टबमध्ये ऑईल पडायला लागलं.

"मास्तर!" गाडीखालून आरोळी आली. "हे बघा! हे काळं आहे का? सांगा, हे काळं आहे?"

मास्तरांनी डोळे किलकिले करून वाकून पाहिलं. "मधासारखं दिसतंय हो. छान आहे."

"छान आहे ना? आणि तो चोर म्हणतो काळं पडलंय!"

सत्य उघडं पडलं की तपासनीसांच्या चेहऱ्यावर एक तेज येत असे. ते बायकोने ओळखलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. मधाच्या रंगाचं ते ऑईल त्यांनी एका प्लास्टिकच्या बाटलीत भरलं, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळली, त्यावर सही केली आणि बाटली दिवाणखान्याच्या कपाटात पुस्तकांशेजारी ठेवली. लगेच जाऊन गॅरेजवाल्याच्या नाकासमोर धरावी असं त्यांना फार वाटलं. पण पुरावा हातचा सोडायचा नसतो. तो घेईल आणि आत जाऊन काळं भरून आणेल!

राहिलं नवं ऑईल ओतायचं काम. इथे तपासनीसांनी दक्षता घेतली. ऑईल नेमकं कुठून ओततात, हे इमारतीत आपल्याखेरीज कोणाला कळता कामा नये, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी मास्तरांना "तुम्ही पुढे व्हा, पट मांडा" असं सांगून वर पाठवलं, बोक्यालाही हाकललं, चारी बाजूंना पाहून घेतलं आणि मग बॉनेट उघडून नवा डबा ओतून रिकामा केला. पट्टी काढून बघायची राहिली. कारण तेवढ्यात वरच्या खिडकीचा पडदा हलल्यासारखा वाटला आणि त्यांनी घाईघाईने बॉनेट लावून टाकलं.

मग ते मास्तरांकडे बुद्धिबळ खेळायला गेले आणि हरले. ते रोज हरत. याचं कारण खेळ येत नव्हता असं नाही. मास्तरांचं एखादं मोहरं फुकट पडलेलं असलं, की तपासनीस ते कधीच मारत नसत. "एवढं सहज कोण देतं?" असं पुटपुटून ते एखादं प्यादं पुढे सरकवत, आणि मास्तर मग ते फुकट पडलेलं मोहरं उचलून सावकाश त्यांचा राजा कोंडत. गेली कित्येक वर्षं हेच चाललं होतं आणि दोघांनाही त्याशिवाय संध्याकाळ जात नसे.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी ऑईल वाढलेलं निघालं. शिवाय ते काळं होतं! काढलं ते मधासारखं, घातलं तेही मधासारखं, मग आत काळं आलं कुठून? उघड होतं. कोणीतरी कुठून तरी वापरलेलं, टाकून द्यायचं ऑईल आणून त्यांच्या गाडीत रिकामं केलं होतं. तपासनीसांना क्षणभर त्या अज्ञात माणसाच्या बारकाईचं कौतुकही वाटलं.

पुराव्याला हात लावायचा नाही म्हणून त्यांनी ऑईल तसंच ठेवलं आणि गाडी कचेरीत नेली. वाटेत गाडीने धूर सोडायला सुरुवात केली. निळसर, दाट धूर. सिग्नलला थांबल्यावर मागचा सायकलवाला नाकाला रुमाल लावून त्यांच्या खिडकीशी आला आणि "काका, आत काही शिजतंय का?" असं विचारून गेला. गिअर टाकताना गाडी कण्हायला लागली. पहिल्या गिअरमध्ये बारीक, दुसऱ्यात मोठ्याने, आणि तिसऱ्यात तर असा आवाज आला की रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. तपासनीसांनी काच वर केली आणि समोर बघत राहिले, जणू हा आवाज कुठून येतोय याची त्यांनाही चौकशी करायची आहे.

संध्याकाळी ते सोसायटीच्या चेअरमनकडे गेले. पार्किंगमध्ये कॅमेरा होता. त्यातलं चित्रण त्यांना बघायचं होतं.

"अर्ज द्या," चेअरमन म्हणाले. "सेक्रेटरींच्या नावाने."

सेक्रेटरी चेअरमनच्या सौभाग्यवती होत्या आणि तिथेच सोफ्यावर बसून नखं कापत होत्या. तपासनीसांनी अर्ज लिहून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नवऱ्याकडे अभिप्रायासाठी दिला. नवऱ्याने वाचून "तक्रारीचं स्वरूप स्पष्ट नाही" म्हणून परत केला. "काय चोरीला गेलंय ते लिहा ना."

"काही गेलेलं नाही. आलंय."

"मग तक्रार कसली?"

बरीच हुज्जत घातल्यावर चित्रण बघायला मिळालं. कॅमेरा चेअरमनच्या स्वतःच्या गाडीवर रोखलेला होता. तिच्याशिवाय त्यात काहीही दिसत नव्हतं.

बातमी मात्र इमारतभर झाली. वरच्या मजल्यावरचे विमावाले जिन्यात अडवून म्हणाले, "गेलं असतं तर मी क्लेम मिळवून दिला असता. येण्यावर पॉलिसीच नाही हो." समोरच्या दारातल्या, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दुखायला लागेपर्यंत हात लावू नका, असा सल्ला दिला. तपासनीसांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सगळ्यांच्या हातांची नखं बघून ठेवली.

मग त्यांनी सापळा लावला. सूर्य मावळताना बॉनेटवर बायकोची अंगाला लावायची पावडर भुरभुरवून ठेवली आणि पहाटेपासून डोळ्यांत तेल घालून खिडकीत बसले. फटफटताना एक माणूस जिन्यातून खाली आला. इकडेतिकडे बघत गाडीपाशी गेला. बॉनेटवर त्याने वाकून टकटक केलं, खाली डोकावला, थोडा वेळ थांबला आणि परत फिरला. मास्तर!

तपासनीस खुर्चीत तसेच बसून राहिले. माणूस पकडला की त्यांना नेहमी भूक लागत असे. आज लागली नाही.

पण संशयाचं भूत एकदा डोक्यात शिरलं की सगळं जुळत जातं. हत्यारं कोणाची? मास्तरांची. गाडीखाली ऑईल काढताना हजर कोण होतं? मास्तर. मेव्हण्याने पेटी 'ठेवायला' दिली होती म्हणे. पण मेव्हणा आजवर कधी आलेला दिसला का? त्या संध्याकाळी तपासनीस बुद्धिबळाला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मास्तर दारात येऊन "तब्येत बरी आहे ना?" असं विचारून गेले, तेव्हा त्यांनी आतूनच "बघू" असं उत्तर दिलं.

बायकोने हे दोन दिवस सहन केलं. मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "दूधवाल्यावर पाण्याचा आळ घेतलात, तो गेला. शिंप्याने कापड मारलं म्हणालात, तो रस्त्यात तोंड फिरवतो. तुमचा सख्खा भाऊ वर्षातून एकदा फोन करतो, तोही माझ्या फोनवर. एक मास्तर तेवढे उरलेत. ते गेले ना, की मग संध्याकाळी तुम्ही माझ्यासमोर बसणार. मला ते झेपायचं नाही, आधीच सांगून ठेवते."

"मी डोळ्यांनी पाहिलंय," तपासनीस म्हणाले. पण आवाज बसला होता. मास्तर गेले तर आपल्याला या जगात कोणी नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि ठाऊक असूनही गप्प बसणं त्यांच्या हाडात नव्हतं. तीच तर अडचण होती.

रविवारी सकाळी गाडीभोवती माणसं जमली. चेअरमन होते, सेक्रेटरी होत्या, विमावाले, डॉक्टरीणबाई, आणि मास्तरांना मुद्दाम बोलावून आणलं होतं. ते बोक्याला काखेत धरून आले. तपासनीसांनी बॉनेटवरची पावडर दाखवली. तीत बोटांच्या पेरांचे ठसे स्पष्ट होते.

"रोज पहाटे तुम्ही इथे येता की नाही?" त्यांनी विचारलं. नोकरीतला आवाज लावला होता, पण तो मध्येच चिरकला.

"येतो," मास्तर म्हणाले.

"कशाला?"

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्यांनी तपासनीसांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दाढी वाढली होती, डोळे जागरणाने लाल झाले होते, आणि त्या डोळ्यांत जिंकल्याचा आनंद औषधालाही नव्हता. मास्तरांनी तोंड मिटलं, बोक्याला दुसऱ्या काखेत घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "बरं बाबा. मीच ओतलं ऑईल. चुकलं माझं. झालं समाधान? आता संध्याकाळी येताय ना खेळायला?"

सगळे चकित झाले. सेक्रेटरीबाई "अगं बाई!" म्हणाल्या. विमावाल्यांनी मास्तरांपासून एक पाऊल मागे घेतलं. प्रकरण संपलं होतं. गुन्हेगाराने गुन्हा कबूल केला होता, तोही चार साक्षीदारांसमोर, आणि दुसरा कोणी असता तर हात झटकून नाश्त्याला गेला असता.

पण तपासनीस तपासनीस होते. एवढं सहज कोण कबूल करतं?

"किती ओतलंत?" त्यांनी विचारलं.

"असेल... वाटीभर."

"वाटीभराने पट्टी एवढी चढत नाही. आणलंत कुठून?"

"घरात होतं."

"तुमच्या घरात गाडीचं ऑईल?"

"मेव्हण्याचं," मास्तर म्हणाले. मेव्हण्याचा त्यांना मोठा आधार होता.

"बरं, ओतलंत कुठून ते दाखवा. उघडा झाकण."

बॉनेट उघडलं गेलं. मास्तरांनी आत पाहिलं. समुद्रप्रवाह आणि वारे पोरांच्या डोक्यात उतरवलेल्या त्या माणसाने इंजिनाकडे अनोळखी खंडाकडे बघावं तसं पाहिलं, थोडा विचार केला आणि एका निळ्या झाकणावर बोट ठेवलं.

"हे?"

"ते काच धुवायच्या पाण्याचं आहे!"

"मग हे." मास्तरांनी बॅटरीवर बोट ठेवलं.

"मास्तर, तुम्ही खोटं बोलताय!" तपासनीस ओरडले, आणि ओरडता ओरडता त्यांच्या आवाजात असा आनंद आला की बायकोने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तुम्ही ओतलेलं नाही! तुम्हाला ठाऊकच नाही कुठून ओततात! मी स्वतः तुम्हाला वर पाठवलं होतं! इमारतीत एकालाच ठाऊक आहे, तो म्हणजे..."

आणि ते थांबले.

"पण मग पहाटे का येता?" चेअरमननी विचारलं. त्यांना सभा संपवायची होती.

"हा बोका," मास्तर ओशाळून म्हणाले. "रात्री इंजिनाच्या उबेला आत जाऊन झोपतो. यांनी गाडी सुरू केली तर जीव जायचा त्याचा. म्हणून टकटक करून उठवतो. सांगितलं नाही, कारण यांनी बोक्यावर संशय घेतला असता."

तपासनीसांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते बॉनेटमध्ये बघत हिशेब मांडत होते. इंजिनात ऑईल पुरेपूर होतं. आपण काढलं. तेवढंच घातलं. दुसऱ्या कोणी थेंबही घातला नाही. तरी दुप्पट झालं. काढूनही जर काही कमी झालं नसेल, तर...

"अहो," ते खिडकीकडे बघून खोल आवाजात म्हणाले, "ती बाटली टाका जरा."

बाटली आली. चिकटपट्टी होती, सही होती. तपासनीसांनी इंजिनातली ऑईल मोजायची पट्टी काढून आपल्या पांढऱ्या रुमालाला पुसली. रुमाल काळाकुट्ट झाला. इंजिनातलं ऑईल काळं होतं, पहिल्या दिवसापासून काळंच होतं. आणि बाटलीतलं मधासारखं ऑईल इंजिनाचं नव्हतंच. गाडीखाली बोल्ट दोन होते. त्यांनी पहिला सोडला होता.

खरं तर तेवढ्यावर गप्प बसता आलं असतं. तिथे कोणालाच काही कळलं नव्हतं. पण आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांची चूक उभी राहून मोठ्याने वाचून दाखवली, त्यांनी रुमालाची घडी केली आणि घसा साफ केला.

"मी इंजिनाऐवजी गिअरबॉक्सचं ऑईल काढलं," ते म्हणाले. "आणि भरलेल्या इंजिनात आणखी ओतलं. म्हणून धूर, आणि म्हणून गिअर कण्हतायत. ऑईल ओतणारा मी. दुसरं कोणी नाही."

आधी डॉक्टरीणबाई हसल्या, आणि मग काय, विमावाल्यांना तर भिंत धरावी लागली. तपासनीस कान लाल करून उभे राहिले. हसणं जरा ओसरल्यावर ते मास्तरांजवळ गेले. "माझं चुकलं हो, मास्तर," ते म्हणाले. "तुमच्यावर मी... तुमच्यावर!" मास्तरांनी उत्तर म्हणून बोका त्यांच्या हातात दिला. तपासनीसांना मांजरांची शिसारी येई, पण त्यांनी तो घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

दुपारी गॅरेजवाला गाडी ओढून न्यायला आला. त्याने बाटलीकडे पाहिलं, तपासनीसांकडे पाहिलं आणि चकार शब्द काढला नाही. त्याच्या गप्प बसण्यात काय डाव असावा, हे तपासनीसांना शेवटपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी पट मांडला गेला. बायकोने मध्येच येऊन दोघे खरंच समोरासमोर बसलेत ना, हे पाहून घेतलं आणि सुटकेचा निःश्वास टाकून परत गेली. खेळ रंगात आला, आणि मास्तरांनी आपला वजीर उचलून नेमका तपासनीसांच्या घोड्याच्या टप्प्यात ठेवला. उघडा, एकटा, फुकट.

तपासनीसांच्या ओठांवर सवयीने शब्द आले. एवढं सहज कोण देतं? मग त्यांना सकाळचा काखेत बोका धरलेला माणूस आठवला. न केलेला गुन्हा चार लोकांत आपल्या अंगावर घेणारा. का, तर संध्याकाळी खेळायला कोणी असावं म्हणून. आता या माणसावर पुन्हा संशय म्हणून घ्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि भरल्या डोळ्यांनी, आयुष्यात प्रथमच, घोडा उचलून तो वजीर मारला.

मास्तरांनी हत्ती सरकवला. शह. तपासनीसांनी राजा हलवला. मास्तरांनी उंट आणला. मात.

"अहो, काय हे!" मास्तर पटावर हात आपटून म्हणाले. "इतकी वर्षं तो सापळा लावतोय मी. थोडा तरी संशय घ्यायचा होतात!"